स्थापना १९७१

पोस्टरवर होतं, बँडची स्थापना एकाहत्तरची.
माझा जन्म सत्त्याण्णवचा.

गांधीनगरात तलरेजा शेठच्या गोडाऊनला
वडिलांच्या वेळचे टेरिलीनचे सदतीस तागे पडून होते,
मोठाली फुलं, नारिंगी, शेवाळी,
उंदरांनीसुद्धा तोंड न लावलेली.
शेठ म्हणाला, कापड जुनं नसतंय रे,
बघणाऱ्याचा डोळा नवा असतोय.
मग त्यानं डोळा बनवायला घेतला.

चार पोरं निवडली. गाता येतंय का, विचारलं नाही.
कमरेला टेप लावली, कल्ल्यांवरून बोट फिरवलं.
जोतिराम घाटगेचा रॉनी झाला, बाहुबली चौगुलेचा केनी,
इलाही मुजावरचा लॉरेन्स.
मी सर्जेराव. सॅमी.
आई महिनाभर शमी म्हणायची,
दसऱ्याच्या झाडागत.

माझ्या गळ्यात गिटार. तिची वायर
मंचावरून मागं जायची, पडद्याआड वळायची
आणि एका खुर्चीच्या पायाला बांधलेली असायची.
कुणी ओढू नये म्हणून दोन गाठी.

आवाज उद्यमनगरातल्या यासीन शिकलगारचा.
दिवसा लेथ, रात्री शेठच्या पोटमाळ्यावर गाणं.
ठेंगणा, टकला,
म्हणून कुठल्याच फोटोत नाही.
त्याच्या श्वासांवर मी ओठ हलवायला शिकलो,
कुठं तो आवंढा गिळतो, कुठं
लोखंडाचा कीस घशात अडकल्यागत थांबतो.
लोकांना वाटायचं, ती माझी लकब.

रेकॉर्ड जुनी वाटावी म्हणून खरखर पाहिजे होती.
कॉम्प्युटरातली शेठला पटेना, लई सारखी येतीय म्हणाला.
मग केनीनं भडंगाचा पुडा माइकसमोर फोडला
आणि आम्ही चौघांनी, पाचवा यासीन,
पहाटे तीनला, श्वास रोखून,
बोटांनी भडंग चाळलं.
झाल्यावर खाल्लं. तिखट होतं.

चाललं की. देवाशप्पथ चाललं.
इचलकरंजी, निपाणी, गडहिंग्लज,
बेळगावात तर तीन दिवस.
तागे संपले. शेठनं सुरतेहून तसलेच नवे छापून आणले,
ते जुन्यापेक्षा जास्त जुने दिसत होते.

शाहूपुरीत कार्यक्रमानंतर एक सफारीतले आजोबा आले,
हातात औषधांची पिशवी.
माझा हात धरून म्हणाले,
त्र्याहत्तरला ऐकलंय तुम्हाला, खासबागेत.
ही शेजारी होती. तवा लग्न ठरलं नव्हतं.
मी सांगायला पाहिजे होतं.
मी म्हणालो, आठवतंय. निळं पातळ होतं ना?
हिरवं, ते म्हणाले.
मी म्हणालो, लाइटच तसली होती.
बराच वेळ हात सोडेनात.

कागलला पेनड्राइव्ह अडकला.
एकच अक्षर, ज, ज, ज, ज,
आधी लोक हसले.
रॉनी थांबला, लॉरेन्स काड्या टाकून बसला,
मी एकटा ओठ हलवत राहिलो,
मला वाटलं यासीन सावरून घेईल.
यासीन घरी झोपला होता, सेकंड शिफ्ट करून.
पहिली चप्पल आली ती कापशी, हातशिवणीची.
त्या मंचावर तेवढंच अस्सल.

आता मी त्याच गोडाऊनला हिशेबाला असतो.
शेठ नव्वद सालातला बँड बनवतोय,
पोरांची मापं घेणं चालू आहे,
एकजण विचारत होता, वायर कुठं जोडायची.

परवा रंकाळ्यावर, भेळेच्या गाडीपाशी
एका पोराच्या मोबाइलवर आमचं गाणं लागलं.
जुन्या गाण्यांची सर नाही बघ, तो पोरीला सांगत होता.
मी पैसे देऊन झालेले, तरी थांबलो.
दुसऱ्या कडव्याच्या जरा आधी
खरखरीत एक शेंगदाणा फुटतो.
तो मी.